ऊस यार्डातले आरएफआयडी टॅग : प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट

येत्या गळीत हंगामापासून साखर कारखान्याच्या यार्डात कागदी टोकन बंद. प्रत्येक वाहनाला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारा चिपचा बिल्ला, लावायचा आणि तो फाटकावर, भरल्या वजनकाट्यावर, ऊस गाळपासाठी टाकायच्या गव्हाणीजवळ आणि रिकाम्या वजनकाट्यावर आपोआप वाचला गेला पाहिजे, असं शेती विभागाच्या बैठकीत ठरलं. काम माझ्याकडे आलं, आणि मला ते मनापासून हवं होतं.

कारण साधं आहे. नंबर मागेपुढे झाला की मागे राहते ती बहुतेक वेळा बैलगाडीच. ट्रकचा मालक शेती अधिकाऱ्यांना फोन लावू शकतो, बीडकडून आलेला गाडीवान कुणाला फोन लावणार? तोडलेला ऊस उन्हात थांबला की वाळतो, वजन घटतं, आणि टोळीची मजुरी वजनावरच असते. बैलंही तोवर जुंपलेलीच. टॅग वाचला गेला तर नंबर यंत्र लावेल आणि तो कुणाला बदलता येणार नाही. न वाचला गेला तर मात्र गाडी यंत्राच्या हिशेबी आलेलीच नसेल, म्हणजे आजच्यापेक्षाही वाईट. त्यामुळे सॉफ्टवेअरआधी टॅग पक्का करायचा.

आपली वाहनं : ट्रक, दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे जोडायचे गाडे म्हणजे अंगद, आणि टायरच्या बैलगाड्या. ट्रक सोडला तर काच कुणालाच नाही. बाकी सगळं लोखंड.

१४ ऑगस्ट

पुरवठादारांकडून आलेले नमुने टेबलावर मांडले. आधी फ्रिक्वेन्सीचा निकाल लावला.

कमी फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे १२५ आणि १३४.२ किलोहर्ट्झचे टॅग. जनावरांच्या कातडीखाली सोडायची काचेची कुपी याच जातीची. साधारण १२ मि.मी. लांब, २ मि.मी. जाड, आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक तार आणि तिच्या टोकाला चिप. पाणी, मांस, चिखल, कशानेच ती अडत नाही. पण वाचन होतं ते हाताच्या अंतरावर. शेती विभागातल्या एकाने विचारलं, बैलाच्या कानात पिवळा बिल्ला असतोच, तोच का वाचू नये? त्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक आणि बारकोड छापलेला असतो, आत चिप नसते. आणि तसंही आपल्याला गाडी ओळखायची आहे. बैल हंगामात बदलतात.

१३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग ग्रंथालयातल्या पुस्तकांत आणि हजेरीच्या कार्डांत असतात. यांची अँटेना म्हणजे सपाट वेटोळं, चारपाच फेऱ्यांचं. रीडरचं, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राचं, चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यातून जातं आणि चिपला वीज मिळते, ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांसारखंच ते काम. पुस्तकांना आयएसओ १५६९३, कार्डांना आयएसओ १४४४३. ग्रंथालयाच्या दारातल्या मोठ्या अँटेनासमोरही पल्ला मीटरभराचा. ट्रॅक्टर काट्यावर चढताना त्याला मीटरभरात आणायचा म्हणजे अँटेना रोज एक मोडेल. ही जात चालकाच्या ओळखपत्रापुरती ठेवली.

बॅटरीवाले ४३३ मेगाहर्ट्झचे टॅग लांबून बोलतात, पण किंमत कितीतरी पट, आणि ऐन हंगामात मध्यरात्री बॅटरी संपली की त्या गाडीचा नंबर गेला. नको.

राहिला यूएचएफ, म्हणजे अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा टॅग. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. ट्रान्समीटर १ वॅटपर्यंत आणि अँटेनातून निघणारी प्रभावी शक्ती ४ वॅटपर्यंत. फास्टॅगही याच पट्ट्यात चालतो. टॅगला बॅटरी नाही, पल्ला काही मीटरचा, किंमत परवडणारी. अडचण एकच : हा पट्टा लोखंडाला आणि पाण्याला भितो, आणि यार्डात तेच दोन भरलेत.

१९ ऑगस्ट

आज एक वेट इनले उघडला. इनले म्हणजे टॅगचा गाभा : फिल्म, त्यावर अँटेना, अँटेनावर चिप. मागे चिकट थर नसला तर ड्राय, असला तर वेट. वर कागद चढवला की लेबल.

थिनरमध्ये थोडा वेळ ठेवल्यावर वरचा कागद सुटला. खाली पारदर्शक पीईटी प्लास्टिकची फिल्म, माणसाच्या केसापेक्षा पातळ, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची चकचकीत नक्षी. आधी अख्ख्या फिल्मवर पातळ ॲल्युमिनियम चिकटवतात, मग हवी तेवढी नक्षी ठेवून बाकीचं आम्लात खाऊन टाकतात. काही ठिकाणी चांदीच्या शाईनेही छापतात, पण विजेला त्यात अडथळा जास्त.

८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४.६ सें.मी. अर्ध्या लांबीचा डायपोल (दोन भुजांची सरळ अँटेना) हवा म्हणजे १७ सें.मी. पट्टी. हा इनले जेमतेम ९ सें.मी.चा, म्हणून पट्टी दोन्ही बाजूंना साडीच्या निऱ्यांसारखी दुमडून घेतलीय. टोकांना रुंद चौकोनी पत्रे आहेत, तेही लांबी वाचवण्यासाठीच. मधे एक छोटा बंद फास दिसतो आणि त्या फासाच्या फटीवर चिप बसलेली.

हा फास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. चिप विजेच्या दृष्टीने फार वाकडी वस्तू आहे. तिच्या प्रतिबाधेचा (विजेला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा) रोधाचा भाग दहापंधरा ओहमच्या घरात आणि धारकतेचा भाग दोनतीनशे ओहम. साध्या डायपोलला ती जोडली तर पकडलेली बहुतेक शक्ती परत फिरेल. फासाचं प्रेरकत्व चिपच्या धारकतेला बरोबर उलटं पडतं आणि दोघांचं जुळतं. कोणत्या चिपला कोणता फास हे ठरलेलं असतं. चिप बदलली आणि अँटेना तीच ठेवली तर पल्ला पडतो.

चिप भिंगाखाली पाहिली. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान काळा ठिपका, पालथा बसवलेला. खालच्या सोन्याच्या उंचवट्यांचा आणि ॲल्युमिनियमचा संपर्क एका खास गोंदातून होतो. त्यात बारीक धातुकण विखुरलेले असतात. दाब आणि उष्णता दिली की उंचवट्याखालचे कण चिरडून फक्त उभ्या दिशेने वीज नेतात, आडव्या दिशेने नाही. टॅगचा सगळ्यात नाजूक सांधा हाच. फिल्म चिपजवळ मुडपली की टॅग मेला, वरून काहीही दिसत नाही. लावणाऱ्या पोरांना सांगून ठेवायचं : लेबल बोटाने चोळायचं ते टोकांकडे, मधल्या ठिपक्यावर नखाने दाब द्यायचा नाही.

अलीकडच्या चिपांना जागं व्हायला वजा २० डीबीएमच्या आसपास, म्हणजे १० मायक्रोवॅट पुरतात. एवढ्यावर ती आपला क्रमांक वाचते आणि अँटेनाचा भार उघडझाप करून रीडरचीच लहर कमीजास्त परतवते. स्वतः ती काहीच प्रक्षेपित करत नाही. इतक्या कमी विजेवर एवढं काम, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

२७ ऑगस्ट

तोच इनले आज ट्रॉलीच्या पत्र्यावर चिकटवला. हँडहेल्ड रीडर टेकवूनही वाचेना. थर्माकोलचा तुकडा मधे घातला तर वाचू लागला, आणि तुकडा जसा जाड केला तसा पल्ला वाढत गेला. पुस्तकात हे वाचलेलं होतं, पण शेती विभागाच्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलं हे बरं झालं. त्यांचा आग्रह होता की सगळीकडे स्वस्तातली लेबलंच लावू.

कारण असं : पत्र्याला समांतर असलेलं विद्युत क्षेत्र पत्र्याच्या पृष्ठभागावर शून्य होतं. परावर्तित लहर उलटी होऊन येते आणि मूळ लहरीला तिथेच मारते. पाव तरंगलांबी, म्हणजे साडेआठ सें.मी. दूर गेलं तर दोन्ही लहरी एकमेकींना मदत करतात, पण ट्रॉलीच्या बाहेर एवढा उंचवटा कोण ठेवेल? पहिल्याच वळणावर उडेल.

म्हणून धातूवरच्या टॅगची बांधणीच वेगळी असते. अँटेना वरच्या बाजूला, खाली विद्युतरोधक थर, आणि थराखाली त्याचा स्वतःचा धातूचा तळ. लोखंड शत्रू न राहता अँटेनाचाच भाग होतं. काही टॅग तर लोखंडावर लावल्यावरच नीट वाचतात, टेबलावर ठेवून तपासले की खराब निघाल्यासारखे वाटतात. पुरवठादाराने टेबलावर करून दाखवलेली चाचणी म्हणूनच आपल्या उपयोगाची नाही.

सगळा खेळ मधल्या थराचा. फोम हलका आणि स्वस्त, विजेच्या दृष्टीने जवळपास हवाच, पल्ला चांगला, पण टॅग मोठा. एफआर-४, म्हणजे सर्किट बोर्डाची ग्लास-इपॉक्सी, परावैद्युतांक ४.४ च्या आसपास (हा जितका जास्त तितकी अँटेना लहान करता येते), आकार आटोपशीर, मार मजबूत खातो. सिरॅमिकचा परावैद्युतांक आणखी वर, त्यामुळे टॅग बोटाच्या पेराएवढा होतो, उष्णताही सोसतो. बदल्यात पल्ला कमी आणि फ्रिक्वेन्सीचा पट्टा अरुंद. जरा इकडेतिकडे झालं की टॅग सुरातून जातो.

३ सप्टेंबर

नमुन्यांच्या फ्रिक्वेन्सी तपासल्या. एका खोक्यावर ९०२-९२८ मेगाहर्ट्झ लिहिलंय, अमेरिकेचा पट्टा. आपल्याकडे त्या भागात ९१५ पर्यंत मोबाइल फोनची वर्दळ असते. लेबल जातीच्या टॅगमध्ये हा फरक नेहमीच घातक ठरत नाही. काच किंवा लाकूड पाठीला आलं की अँटेनाचा सूर खाली उतरतो, आणि हवेत ९१५ ला जुळलेला टॅग काचेवर ८६६ जवळ येऊ शकतो. सिरॅमिक टॅगला मात्र ही सवलत नाही. सिरॅमिक मागवायचा तर ८६५-८६७ चाच, आणि तसं मागणीपत्रात लिहायचं.

९ सप्टेंबर

स्वस्तातला 'मेटल टॅग' म्हणून आलेला एक नमुना रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवला. सकाळी निम्म्याहून कमी अंतरावर वाचत होता. कापून पाहिलं : आत उघडा फोम, कडा सील केलेल्या नाहीत, फोमने पाणी ओढलेलं. हवेच्या जागी पाणी आलं की परावैद्युतांक ८० च्या आसपास, मग अँटेना जुळणार कशाला? पहाटेचं दव, उसाचा रस, गाड्या धुणं, हे आपल्याकडे रोजचं आहे. हा नमुना बाद. टॅगचं कवच एबीएस प्लास्टिकचं, अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने बंद केलेलं किंवा इपॉक्सी ओतून भरलेलं हवं, आणि दर्जा आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणारा.

हेही दिसलं की टॅगवर पसरलेला ओला चिखल पल्ला खातो, तोच वाळला की टॅग पुन्हा पहिल्यासारखा वाचतो. त्यामुळे चाकाच्या रेषेत टॅग लावायचा नाही.

२० सप्टेंबर

ट्रकचा प्रश्न सोपा : काचेवर लेबल. मात्र ते काढून दुसऱ्या ट्रकला लावता येता कामा नये. त्यासाठी चिरा मारलेलं लेबल घेतलं. कागदात आणि फिल्ममध्ये आडव्यातिडव्या चिरा असतात आणि गोंद काचेला फिल्मपेक्षा घट्ट धरतो. सोलायला गेलं की अँटेना फाटते. दोन जणांना ब्लेड देऊन काढायला सांगितलं. लेबल निघालं, पण वाचणारं एकही नाही.

फास्टॅगच का वापरू नये, हाही प्रश्न आला. ट्रकवर तो असतोच. पण ट्रॉल्या, अंगद आणि बैलगाड्या त्यात येत नाहीत, शिवाय तो बँकेचा, कधीही बदलला जातो. आपला वेगळाच हवा. उलट फाटकावरच्या रीडरला ट्रकचे दोन्ही टॅग ऐकू येणार. फास्टॅगचा ईपीसी, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेला ओळख क्रमांक, ३४ ने सुरू होतो, आपण आपल्या क्रमांकांना वेगळी सुरुवात देऊ. रीडरने टॅग मोजण्याआधीच निवडीची आज्ञा सोडायची : या अंकांनी सुरू होणाऱ्यांनीच बोलावं. बाकीचे गप्प राहतात. हे काम टॅगमधली चिपच करते.

२ ऑक्टोबर

चिपच्या आतल्या जागा ठरवल्या. चार कप्पे असतात : गुप्तशब्दांचा राखीव कप्पा, ईपीसी, टीआयडी आणि मोकळा कप्पा. ईपीसीच्या ९६ बिटांत कारखान्याची खूण, वाहनाचा प्रकार आणि अनुक्रमांक, लिहून झाल्यावर कुलूप. टीआयडी चिप बनवणाऱ्याने कारखान्यातच कोरलेला असतो, तो कुणालाच बदलता येत नाही. ईपीसी आणि टीआयडीची जोडी आपल्या नोंदवहीत बांधून ठेवायची. कुणी बाजारातला कोरा टॅग आणून आपला क्रमांक लिहिला तरी टीआयडी वेगळा पडेल आणि काट्यावर गाडी अडेल.

टीआयडीचा आणखी उपयोग झाला. सुरुवातीच्या अंकांवरून चिप कुणाची ते कळतं : ई२८०१ इम्पिंज, ई२८०६ एनएक्सपी, ई२००३ एलियन. एका नमुन्याच्या कागदावर एक नाव आणि टीआयडीत दुसरं. तो पुरवठादार यादीतून काढला.

मोकळा कप्पा रिकामाच ठेवणार. टेअर वजन, म्हणजे रिकाम्या वाहनाचं वजन, टॅगमध्ये लिहावं अशी सूचना आली होती, मी ती मानली नाही. वजन डेटाबेसात राहील, जिथे बदलाची नोंद उरते.

१५ ऑक्टोबर

ट्रॅक्टरचं कोडं. टेअर ट्रॅक्टरचं वेगळं, प्रत्येक ट्रॉलीचं वेगळं, आणि ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागून दुसऱ्यामागे जातात. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र टॅग. ट्रॅक्टरला बॉनेटच्या बाजूला, ट्रॉलीला पुढच्या दांडीवर. ट्रॉलीच्या बाजूला लावला तर भरल्यावर बाहेर लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, त्याला झाकतं, आणि हिरवं वाढं म्हणजे पाणीच. दांडीवर काही लोंबत नाही.

यार्डात सध्या ट्रॉल्यांची वेल्डिंगची कामं जोरात आहेत. टॅगच्या शेजारीच वेल्डिंग झालं तर एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि चिपचा गोंद सुटतो. ठरलं : आधी वेल्डिंग, मग टॅग, आणि टॅग थेट दांडीला न लावता बोल्टने बसणाऱ्या पट्टीवर पॉप रिव्हेटने. पुढे वेल्डिंग निघालं तर पट्टी उतरवायची. पट्टी लोखंडीच, टॅग लांबीला दांडीच्या दिशेने.

८ नोव्हेंबर

बैलगाडी. याचीच मला सगळ्यात काळजी होती.

जुवावर लावलेला टॅग बैलांनी मान हलवली की जातो-येतो. दोन बैलांच्या खांद्यांमधे ८६६ मेगाहर्ट्झला वाटच नसते. साट्याच्या बाजूंवर उसाचे शेंडे. शेवटी जागा सापडली : दांडीचा बैलांच्या मागचा आणि साट्याच्या अलीकडचा भाग, गाडीवानाच्या पायांसमोर. तिथे लोखंडी पट्टी असतेच. जागा अरुंद, म्हणून एफआर-४ चा ९५ मि.मी. लांब आणि २५ मि.मी. रुंद टॅग, तोंड वर. काट्याच्या पुढच्या खांबावर वर्तुळाकार ध्रुवणाची अँटेना खाली झुकवून बसवली. गाडी चढावर तिरकी आली तरी टॅगची दिशा चुकत नाही. वर्तुळाकार ध्रुवणात निम्मी शक्ती वाया जाते, पण गाडी कशीही आली तरी वाचली जाते, आणि आपल्याला तेच हवंय.

चाचणीला आलेल्या गाडीवानाने टॅगला हात न लावता वाकून पाहिलं.

"मॅडम, ह्यानं बैलाला शॉक तर न्हाई ना बसायचा?"

"नाही हो मामा, ह्यात बॅटरीच नाही. खांबावरच्या डब्याने विचारलं की हा फक्त नाव सांगतो."

"मंग माझं नाव बी सांगंल?"

"गाडीचा नंबर सांगेल. नाव आमच्या नोंदीत आहे, तुमचं आणि मुकादमांचं, दोघांचं."

त्यांनी मुलाला हाक मारली आणि पाटीवर स्वतःचा नंबर उमटतो का ते दाखवायला लावलं. गाडी पुढे घेतली, नंबर उमटला. गाडी मागे घेऊन पुन्हा आणली, पुन्हा उमटला.

२६ नोव्हेंबर

मोळी पडून हंगाम सुरू झालाय. शेजारच्या काट्यावरचा ट्रक या काट्याच्या अँटेनाला ऐकू येत होता. शक्ती उतरवली आणि काट्याच्या प्लॅटफॉर्मवर वजन स्थिर असेल तेव्हाच वाचन धरायचं, असं केलं. निकाली.

१२ डिसेंबर

अंगदांचे टॅग जास्त तुटतायत. मागे-पुढे घेताना दोन गाडे एकमेकांना धडकतात आणि टॅगची पट्टी नेमकी त्या धडकेत येते. टॅगचं कवच जाड करून उपयोग नाही. आत ताठ बोर्ड असला की धक्का चिपच्या सांध्यावरच येतो. जागा बदलणं हाच उपाय. दांडीच्या खालच्या बाजूला, आडव्या चॅनेलच्या खोबणीत टॅग बसवून पाहिला. खोबणी तीन बाजूंनी लोखंडाची, त्यामुळे पल्ला निम्म्यावर आला, पण अंगद काट्यावर अगदी हळू चढतात आणि खालून बसवलेल्या अँटेनाला तेवढा पुरतो. इथे लहान सिरॅमिक टॅग एफआर-४ पेक्षा सरस ठरला, कारण खोबणीच्या भिंतींपासून तो लांब राहतो.

पुढच्या मागणीत अंगदांसाठी सिरॅमिक ८६५-८६७, ट्रॉल्या आणि बैलगाड्यांसाठी एफआर-४ इपॉक्सी भरलेला, ट्रॅक्टरला एबीएस, ट्रकला चिरांचं लेबल. काट्याखालच्या अँटेनाला पाण्याचा निचरा हवा, त्यासाठी सिव्हिल विभागाला उद्या पत्र द्यायचं.